माणूस कापून उरलेला फोटो

आमच्या ह्यांना माणसांपेक्षा बुडालेली गावं जास्त आवडायची.

आज त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली.

एसटीत कंडक्टर होते. सुट्टीच्या दिवशी लोक झोपा काढतात. हे कळंबहून उठून पुण्याच्या जुन्या बाजारात जायचे आणि जुने फोटो घेऊन यायचे.

गंगेत बुडालेले काशीचे घाट. पाणी शिरलेल्या दिल्लीच्या गल्ल्या. पुराच्या पाण्यातलं पुणं. भूकंपात आडवं झालेलं कुठलं तरी स्टेशन.

माझ्या ट्रंकेत वर लुगडी, खाली पूर.

नव्वद साल उलटलं आणि माझं माहेर धरणाच्या पाण्यात गेलं. आई भावाकडे शिनोलीला राहायला आली. कधीही भेटायला जा, एकच विचारायची.

"आपल्या दाराचा योखादा फोटो असंल का गं कुनाकडं?"

दाराचा फोटो कोण काढतंय.

मी ह्यांना म्हणाले, "जगातली बुडालेली गावं तुमच्याकडं हायेत. माझंच तेवढं न्हाई."

"अगं, माझं कलेक्शन निसर्गाच्या कोपाचं. धरण माणसानं बांधलंय. ते त्यात बसत न्हाई."

"मंग भाकरी पण निसर्गाकडंच मागा."

दोन दिवस हॉटेलात जेवले. तिसऱ्या दिवसापासून माझ्या माहेरच्या गावचं माणूस गाडीत चढलं की तिकीट फाडता फाडता विचारायला लागले, "घरात जुना फोटो हाय का?"

फोटो होते, पण हार घातलेले.

आमच्याकडे माणूस गेलं की लग्नाबिग्नातला ग्रुप फोटो शोधतात. स्टुडिओवाला त्यातून तेवढं माणूस कापून घेतो, मोठं करतो, मागं निळा पडदा लावतो. उरलेला फोटो कोणी परत मागत नाही.

ह्यांनी मागितला.

मंचरच्या स्टुडिओवाल्याला म्हणाले, "भाऊ, माणूस त्यांचं. मागचं मला दे."

"भोक पडलेला फोटो घेऊन काय करणार राव?"

"भोकाच्या कडेनं बघीन."

दोन वर्षं कातरणं आणत होते. मी नावं ठेवत होते.

मग एका दुपारी एक कातरण माझ्यापुढं ठेवलं. मधोमध माणसाच्या आकाराचं भोक. शेजारी आमचा ओटा. आणि आमचं दार. अर्धंच, पण आमचंच.

"आज तोंड बंद कसं काय?" हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं शिनोलीला गेलो. आईनं फोटो डोळ्याला लावला.

मग म्हणाली, "दार का लावलंय? आमी दिवसा कदी दार लावत नव्हतो."

हे म्हणाले, "मामी, लगीन असंल कुणाचं. घरची सगळी मांडवात असतील."

"आसंल. मंग ठीक हाय."

पुन्हा फोटो बघितला.

"ह्यो कापलेला बाप्या शेजारचा सखाराम दिसतोय. उंची त्याचीच. जन्मभर आडवा आला. मेला, जाताना माझं अर्धं दार घिऊन गेला."

आणि हसली. धरण झाल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

ह्यांनी कलेक्शनमधला एकही फोटो कधी कुणाला दिला नाही. सख्ख्या भावाला अल्बम हातात धरू द्यायचे नाहीत.

तो फोटो आईच्या उशाशी ठेवला आणि चपला घालून बाहेर जाऊन उभे राहिले.

त्यानंतर त्यांच्या फोटोंवरून मी भांडले नाही. भांडायला बाकी पुष्कळ होतं.

अहो, भावपूर्ण श्रद्धांजली वगैरे मला जमत नाही. माझा नमस्कार घ्या.