टाकीकडे, खारूताई!

भोंग्याचा आवाज असा, की बसच्या मागच्या दारातून त्याने नुसतं "पुढे चला" म्हटलं तरी ड्रायव्हर दचकायचा. प्रवासी मात्र ढिम्म हलायचे नाहीत. उभा जन्म कंडक्टरकीत गेला आणि उभ्या जन्मात त्याचं कुणी ऐकलं नाही. पुढे सरका म्हटलं की माणसं मागे सरकायची. दारात उभं राहू नका म्हटलं की नेमकी दारातच लटकायची. घरीही तीच तऱ्हा. लेकीला म्हणाला, बँकेत लाग; ती निघाली विमानं दुरुस्त करायला. बायकोला काही सांगायला जावं, तर ती म्हणायची, "अहो, हळू. खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं, त्यांनाच रागावताय." खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि तिथेच राहिलं. सगळ्यांनी त्याला भोंगा म्हटलं, आणि त्यानेही कधी मनाला लावून घेतलं नाही.

कारण जगात एक जण तरी आपलं ऐकतं, अशी त्याची ठाम समजूत होती. ती म्हणजे शहराच्या हॉकी टीममधली खारूताई.

अंगाने एवढीशी, पण बॉल स्टिकला लागला की ही बया कुठून शिरेल आणि कुठून निघेल याचा नेम नाही, म्हणून खारूताई. मैदान काही फार मोठं नव्हतं. एका अंगाला पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला एक दांडगं झाड, आणि गोलच्या मागे सिमेंटच्या पायऱ्या. त्या पायऱ्यांवर तिसऱ्या रांगेत भोंग्याची बैठक. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या तरी हा पठ्ठ्या जागा बदलायचा नाही, इथूनच पलीकडच्या गोलपर्यंत आवाज पोचवायचा. खारूताईला बॉल मिळाला रे मिळाला की हा उभा राहायचा, छाती फुगवायचा आणि ओरडायचा, "टाकीकडे, खारूताई!" नाहीतर "झाडाकडे, झाडाकडे!" आता गंमत अशी, की एवढ्या जोरात ओरडायचं तर त्याचे डोळे आपोआप घट्ट मिटायचे. उघडायचे ते थेट लोकांनी गलका केल्यावर. मग तो शेजारच्याच्या पाठीत धपका घालून म्हणायचा, "बघितलंस? सांगितलं आणि गेली!"

शेजारचा म्हणजे औषधवाला. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचा मालक, भोंग्याचा जुना दोस्त आणि जुनं दुखणं. तो म्हणायचा, "ती तुझं काही ऐकत नाही, लेका." भोंगा म्हणायचा, "तुला खेळातलं कळत नाही." इतकी वर्षं हे असंच चाललं होतं.

आणि एक दिवस बातमी आली, की खारूताई खेळणं सोडतेय. येत्या रविवारची मॅच शेवटची.

त्या रविवारी पायऱ्यांवरची मंडळी ठरवल्यासारखी लवकर आली. कुणाला घरात बसवेना. गणिताच्या बाई पेपर तपासायचा गठ्ठा घेऊन आल्या होत्या, नेहमीसारख्याच. घरी शांतता मिळत नाही म्हणून त्या मैदानावर पेपर तपासायला यायच्या. भोंगा जिथे बसतो तिथे शांतता शोधणारी ही एकच बाई असेल. आज मात्र गठ्ठ्याची दोरीही सुटली नव्हती.

"ती पहिल्यांदा खेळली ना," बाई म्हणाल्या, "तेव्हा तिची मोजे बांधायची नाडी सुटली होती. बॉल पायाशी, समोर तीन जणी, आणि ही नाडी बघतेय. मला वाटलं, गेलं सगळं. तर तशीच निघाली, मोजा लोंबकळत! तेव्हापासून मी इथली झाले."

"तिचा गुडघा माझ्या दुकानाने चालवलाय," औषधवाला म्हणाला. "पट्ट्या न्यायला यायची, म्हणायची, काका, आईला सांगू नका. आणि मागोमाग आई यायची, म्हणायची, भाऊ, तिला कळू देऊ नका, पण चांगल्यातली पट्टी देत जा." बोलता बोलता त्याने उगाच चष्मा पुसला.

"आणि मी रस्ता दाखवला," भोंगा म्हणाला. "मी सांगायचो, ती जायची."

खरं तर हे सोडून द्यायला हरकत नव्हती. पण औषधवाल्याला तेव्हा डोळ्यांतलं पाणी लपवायचं होतं, आणि असा माणूस दुसऱ्यावर खेकसतो. "रस्ता दाखवलास!" तो म्हणाला. "फायनल विसरलास का? झाडाकडे, झाडाकडे, म्हणून बोंबललास आणि त्यांच्या दोघी आधीच झाडाच्या बाजूला जाऊन उभ्या. ही गेली ती थेट त्यांच्या तोंडात. बॉल गेला, कप गेला. तुझ्यामुळे, भोंग्या! तिच्या हातून एक मोठा कप निसटला तो तुझ्या या गळ्यामुळे."

भोंग्याने बाईंकडे पाहिलं. बाई पटकन नाही म्हणतील असं त्याला वाटलं होतं. बाई गठ्ठ्याच्या दोरीशी चाळा करत राहिल्या.

इतक्या वर्षांत हा विचार त्याच्या मनाला शिवलाच नव्हता. आपला आवाज तिच्यापर्यंत पोचतो, तर समोरच्यांपर्यंतही पोचतोच की! म्हणजे आपण आजवर शत्रूला फितूर असल्यासारखे ओरडलो. पोरगी बिचारी काही बोलली नाही, एवढंच.

मॅच सुरू झाली. खारूताईला बॉल मिळाला, पायऱ्यांवरच्या सगळ्या माना भोंग्याकडे वळल्या, आणि भोंगा मूग गिळून बसून राहिला. एकदा झालं, दोनदा झालं. खारूताई पुढे यायची आणि समोरच्या दोघी तिला बरोब्बर अडवायच्या. तिसऱ्यांदा तर तिने बॉलवरची नजर काढून पायऱ्यांकडे पाहिलं. औषधवाल्याने कोपराने ढोसलं, "अरे, ओरड की आता! मी आपलं रागात बोललो." भोंग्याने मान हलवली. मध्यंतर झालं तेव्हा समोरचे एका गोलने पुढे होते, आणि जिची शेवटची मॅच तिचंच काही चालत नव्हतं.

पाण्याचा नळ पायऱ्यांच्या खाली, जाळीपाशीच होता. खारूताई पाणी प्यायला आली आणि वर बघून म्हणाली, "काका, आज घसा बसलाय का?"

एवढ्या वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. भोंगा धडपडत जाळीपाशी उतरला. "घसा बरा आहे गं पोरी," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक कुणी ऐकला नव्हता. "पण मी ओरडलो की त्यांना कळतं, तू कुठे जाणार ते. फायनल माझ्यामुळे गेली तुझी. मला माफ कर."

खारूताई अशी हसली, की तोंडातलं पाणी बाहेर आलं. "अहो काका, त्यांना कळतं म्हणूनच तर! तुम्ही टाकीकडे म्हणालात की त्या टाकीकडे पळतात. मग मी झाडाकडून जाते. मी आजवर तुमच्या उलटंच गेलेय! तुम्हाला दिसलं नाही कधी?"

भोंग्याला काय दिसणार, कपाळ? त्याचे डोळे मिटलेले.

"आणि फायनलला?" त्याने चाचरत विचारलं.

तिचं हसू जरा ओसरलं. "फायनलला मी घाबरले होते, काका. काही सुचेना. तेवढ्यात तुमचा आवाज आला, आणि म्हटलं, चला, आज हे म्हणतात तसं करू. आयुष्यात एकदाच तुमचं ऐकलं, ती चूक माझी." तिने तोंड पुसलं आणि स्टिक उचलली. "आता उठा आणि ओरडा. एवढा खेळ राहिलाय माझा, तो मुका नको."

भोंगा वर आला. रडावं की हसावं ते त्याला कळेना. पण खारूताईच्या स्टिकला बॉल लागला आणि त्याची छाती आपोआप फुगली. "झाडाकडे, खारूताई! झाडाकडे!" मैदान दणाणलं. गणिताच्या बाईंच्या हातून गठ्ठा सुटला. आणि डोळे उघडले तेव्हा औषधवाला त्याच्या गळ्यात पडला होता, पायऱ्या नाचत होत्या, आणि गोल झाला होता टाकीच्या बाजूने. मॅच बरोबरीत सुटली. तिला निरोप देताना टाळ्या थांबेचनात.

जाताना ती जाळीपाशी आली. बरोबर एक लांबलचक, हडकुळी पोरगी होती. "ही काडी," खारूताई म्हणाली. "पुढच्या रविवारपासून माझ्या जागी." मग पोरीच्या खांद्यावर हात ठेवून, "आणि हे काका. हे जे सांगतील त्याच्या बरोब्बर उलट करायचं. कळलं?" काडीने गंभीरपणे मान डोलावली.

घरी आल्यावर भोंगा गप्पच. बायकोने कपाळाला हात लावून ताप बघितला. तेव्हा कुठे त्याने सगळं सांगितलं, आणि म्हणाला, "अगं, मला वाटायचं, एक तरी माणूस माझं ऐकतंय. तर तीही नाही. आता जाऊन काय करू तिथे?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "ऐकत नव्हती कशी?" ती म्हणाली. "बरोब्बर उलटं करायला आधी नीट ऐकावं लागतं. मला विचारा ना, मी अख्खा संसार तसाच केलाय."

हळूहळू भोंग्याच्या मिशा हलायला लागल्या, आणि तो असा हसला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी मारली.

पुढच्या रविवारी तो तिसऱ्या रांगेत हजर. औषधवाला होता, गणिताच्या बाई होत्या, आणि बाईंच्या शेजारी, साध्या कपड्यांत, गुडघा लांब करून खारूताई बसली होती. खाली काडी मैदानात उतरली होती. पहिला बॉल तिच्याकडे आला आणि तिने घाबरून वर पाहिलं.

भोंगा उभा राहिला. त्याने छाती फुगवली, आणि दोन बोटांनी स्वतःच्या पापण्या वर धरल्या.

"टाकीकडे, काडी! टाकीकडे!"

समोरच्या दोघी धावल्या टाकीकडे. काडी क्षणभर थबकली, आणि वळली झाडाकडे. लांब लांब ढांगा टाकत, मोकळ्या मैदानातून एकटी निघाली. आणि भोंग्याने ते पहिल्यांदाच, अगदी आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

"ऐकलं!" तो ओरडला. "पोरीने ऐकलं माझं!"

शेजारी खारूताई दोन्ही कानांवर हात दाबून बसली होती. "बाई गं," ती म्हणाली, "इथून केवढा मोठा येतो हा आवाज!"