बघायला आलेले आणि दोन सीटची गाडी

बाबा रेल्वेच्या लोकोशेडात फोरमन होते. जन्मभर वाफेच्या इंजिनांत हात घातलेल्या या माणसाला कामठीच्या छावणीत एका बंगल्यामागे एक विलायती मोटार दिसली. हिरवी, बसकी, दोन सीटची. छपराच्या जागी फाटकं कापड आणि आत कोंबड्यांचं बिऱ्हाड. बंगल्यातले साहेब बदलीवर निघाले होते, म्हणाले, नेता येत असेल तर न्या. बाबांनी ती ट्रकला दोर बांधून घरी आणली, तेव्हा आई फाटकात उभी होती. घरात माणसं पाच, गाडीत जागा दोघांना, बाकीच्यांनी काय मागून पळायचं, एवढंच विचारून ती आत गेली.

पुढची दोन-तीन वर्षं आमचे रविवार त्या गाडीखाली गेले. मी तेव्हा फिजिक्स घेऊन एम.एस्सी. करत होते. तिचे सुटे भाग नागपुरात कुठून मिळणार? मग इतवारीतल्या भंगारातून पत्रे, नळ्या, स्प्रिंगा हुडकायच्या, इंजिनाच्या सांध्यात बसणारं गॅस्केट जाड पुठ्ठ्यातून कापून तेलात भिजवायचं, चाकांच्या तारा सायकलवाल्यासारख्या एकेक करून ताणायच्या. अखेर गाडी चालली. बाबांनी मलाही चालवायला शिकवलं, आणि आमच्या वस्तीला बोलायला विषय मिळाला.

त्या गाडीत पेट्रोल पुढे ढकलणारा विजेचा पंप होता, सीटमागच्या फळीआड. किल्ली फिरवली की तो टिकटिक करायचा. गल्लीतल्या हौशी पोरांनी गाडी पळवू नये म्हणून बाबांनी स्टिअरिंगखाली एक बटण लपवलं होतं. ते दाबलं की टिकटिक बंद, आणि थोडं पुढे जाऊन गाडीही बंद. हे बटण फक्त आम्हा दोघांना ठाऊक.

याच सुमारास मला बघायला मुलं येऊ लागली. चहा-पोहे झाले की बाबा सांगायचे, जा, हिच्यासोबत एक चक्कर मारून या. आई कपाळाला हात लावायची. बाबांचं म्हणणं, गाडी उघडी आहे, सारी वस्ती पाहते, यापेक्षा सभ्य जागा कोणती?

पहिला बँकेत अधिकारी होता. सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर मी हळूच बटण दाबलं. गाडी थांबताच त्याने बाईमाणसाने गाडी चालवण्याबद्दल चार शब्द सुनावले, बॉनेट उघडलं, प्लगच्या सगळ्या वायरी उपटल्या, आणि कुठली कुठे होती ते विसरून रिक्षाने निघून गेला. मी वायरी लावल्या आणि घरी आले. एकटी परतलेली पाहून बाबा मिशीत हसले.

दुसरा सरकारी इंजिनिअर. तो बिघाड शोधत बसला नाही. स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि मला ढकलायला सांगितलं. मी साडीचा पदर खोचून ढकलत होते, आणि तो हात बाहेर काढून अजून थोडं, अजून थोडं असं खुणावत होता. त्याच्याकडून होकार आला. मुलगी कष्टाळू आहे, असा निरोप होता. नकार आमच्याकडून गेला.

तिसरा कन्हानच्या शाळेत भूगोल शिकवायचा. मोठ्या बहिणीसोबत आला होता. ऐन मे महिना, संध्याकाळ झाली तरी पत्रा तापलेला. मी नेहमीच्या वळणावर बटण दाबलं आणि गाडी एका कडुनिंबाजवळ थांबली. तो उतरला आणि सावलीत दगडावर बसला. मोटारीतलं आपल्याला काही कळत नाही, तुम्ही बघा, पाणी वगैरे लागलं तर आणून देतो, असं म्हणाला. मी बॉनेट उघडून उगाच इकडेतिकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "एक विचारू का? आधी मागची टिकटिक थांबली, मग गाडी थांबली. अन् टिकटिक थांबली तेव्हा तुमचा हात खाली गेला होता. काहून?"

माझे कान तापले. मी आत बसले, बटण पूर्ववत केलं, किल्ली फिरवली. टिकटिक नाही. पुन्हा फिरवली. मागे एकदम शांत. उन्हाने पंप खरोखरच अडकला होता.

"हे बी परीक्षेतलंच आहे का?" त्याने विचारलं.

"नाही, हे खरं आहे," मी म्हटलं, आणि मग मला हसू आवरेना. तोही हसायला लागला.

मी फळी काढली आणि हातोडीच्या दांड्याने पंपावर ठोकलं. टिकटिक सुरू झाली, पण थोड्याच अंतरावर पुन्हा बंद पडली. गाडी चालवणं आणि मागे ठोकणं मला एकटीला जमणारं नव्हतं. शेवटी तो सीटवर गुडघे टेकून उलटा बसला, आणि टिकटिक मंदावली की ठोकायचा. आम्ही तसेच वस्तीत शिरलो. नवरदेव पाठमोरा, हातात हातोडी, केसांत धूळ. लोक ओसरीवरून उठून फाटकापर्यंत आले.

त्याची बहीण संतापली. पाहुण्याला मजुरासारखं राबवलं, असं तिने माझ्या आईला ऐकवलं, आणि आईला ते मनापासून पटलं. बाबा मात्र त्याच्याकडे बघत होते.

"मी काही राबलो नाही, ताई," तो हात झटकत म्हणाला. "मले तर मजा आली."

रात्री बाबांनी मला विचारलं, "काय वं, या वेळी कोणी कोणाले पाहिलं?" मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. त्यांना उत्तर मिळालं असावं, कारण सकाळी ते कन्हानला जाऊन आले.

हिवाळ्यात बुद्धविहारात आमचं लग्न झालं आणि मी कन्हानला राहायला गेले. त्यानंतर बाबांच्या गाडीची दोन्ही कार्बोरेटरं वरचेवर बिघडू लागली. दोन्हींचा हवा ओढण्याचा आवाज एकसारखा करायचा तर दोघांनी रबरी नळी कानाला लावून ऐकावं लागतं, एकट्याचं काम नाही, असं सांगत ते दर रविवारी आमच्या दारात हजर. नळी मी एका बाजूला धरायची, ते दुसऱ्या. एकदा त्यांनी गाडी लावली तेव्हा मी खिडकीतच होते. ते उतरले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, बॉनेट उघडलं, खिशातून पेचकस काढून एक स्क्रू हलकेच फिरवला आणि बॉनेट लावून मला हाक मारली.

नवरा माझ्या मागेच उभा होता. त्यानेही पाहिलं होतं. "जा, लवकर दुरुस्त नको करू," म्हणाला आणि स्वयंपाकघरात भाजी चिरायला गेला.