बडतर्फीचा गृहपाठ

सेहेचाळिसाव्या वर्षी मी कामगार कायद्याच्या पदविकेला नाव घातलं, तेव्हा आमचे हे म्हणाले, "झालं! आता घरातल्या भांडणालाही वकील आला." मी म्हटलं, भांडणं मी आधीही जिंकतच होते, आता कलमासकट जिंकेन. आम्ही बंगळूरच्या जयनगरात चार पिढ्या काढलेली माणसं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि माझी नोकरी होसकोट्याच्या एका कारखान्यात, कर्मचारी विभागात. सोळा वर्षं कारकून. अधिकारी व्हायचं तर पदविका हवी असा फतवा निघाला, म्हणून ही दूरस्थ शिक्षणाची धोंड मी आपणहून गळ्यात बांधून घेतली.

पुस्तकं कुरिअरने यायची, मास्तर रविवारी सकाळी पडद्यावर यायचे, आणि नेमका महत्त्वाचा मुद्दा आला की आमचा कुकर शिट्टी मारायचा. खरा अभ्यास व्हायचा तो कंपनीच्या बसमध्ये. सिल्क बोर्डला बस अडकली की एक धडा, के. आर. पुरमला अडकली की दुसरा. बंगळूरच्या रस्त्यांनी मला जेवढं शिकवलं तेवढं विद्यापीठानेही शिकवलं नाही.

मग एक गृहपाठ आला. न सांगता गैरहजर राहिलेल्या कामगाराच्या बडतर्फीचा आदेश लिहा. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या संगणकावर बसले. असली पत्रं मी कितीतरी टाईप केलेली, नमुना तयारच होता. फक्त नाव कोणाचं घालायचं? दुसऱ्याच्या पोटावर कागदातसुद्धा पाय द्यायला मन होईना. म्हणून घातलं स्वतःचं नाव, हुद्दा, नंबर, सगळं. सलग दहा दिवस गैरहजर! मला दोन दिवस ताप आला तरी तिसऱ्या दिवशी आमचे हे डब्यासाठी हाका मारतात. जास्त मार्क पडावेत म्हणून खाली लिहिलं, प्रत माहितीसाठी: मुख्य कार्यालय, पगार विभाग, मुख्य गेट. प्रिंट दिली आणि तेवढ्यात फोन आला म्हणून गेले. कागद प्रिंटरमध्येच राहिला.

आमच्याकडे आवक-जावक सांभाळणारे एक अण्णा आहेत. प्रिंटरमध्ये कंपनीच्या नावाचा कागद दिसला की तो सहीच्या फाईलमध्ये घालायचा, हा त्यांचा धर्म. आणि आमचे मॅनेजर, पुण्याहून आलेले, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, एका हाताने फोन आणि दुसऱ्या हाताने सह्या. चार वाजता अण्णा माझ्या टेबलापाशी आले. "अक्का, तुमचं पत्र. इथे सही." मी त्यांच्या वहीत पोचपावतीची सही ठोकली. सोळा वर्षांची सवय! मग पत्र उघडलं, आणि मी बडतर्फ झाल्याचं मला कळलं.

मी तशीच मॅनेजरांच्या केबिनमध्ये घुसले. ते आधी खो खो हसले. मग त्यांना आठवलं की स्कॅन केलेली प्रत मुख्य कार्यालयात पोचलीय, आणि हसू मावळलं.

"फाडून टाका ना, सर!"

"आउटवर्ड नंबर पडलाय, मॅडम. फाडता नाही येत." मग आवाज मऊ करून म्हणाले, "आपण एक करू. तुम्हाला फ्रेश अपॉइंटमेंट देतो. उद्यापासूनच."

फ्रेश! म्हणजे सोळा वर्षांच्या नोकरीवर पाणी, आणि मी पुन्हा सहा महिने प्रोबेशनवर, काल भरती झालेल्या पोरींच्या खालच्या ओळीत. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सर, नवी नेमणूक मेले तरी घेणार नाही. माझी जुनीच नोकरी परत द्या." तोवर गेटवर प्रत पोचली होती, आणि बडतर्फ माणसाला आत थांबता येत नाही हा नियमही मीच टाईप केलेला. सुरक्षारक्षक बिचारा दारात हात जोडून उभा राहिला. मी पर्स आणि पुस्तक उचललं आणि गेटबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले.

तिथे उन्हात बसून मी सातवा धडा वाचला. आधी आरोपपत्र, मग खुलाशाची संधी, मग चौकशी. त्याशिवाय कुणाला असं काढून टाकता येत नाही. बसमध्ये हाच धडा पेंगत पेंगत वाचला होता. आता एकेक अक्षर देवासारखं दिसायला लागलं. वहीचं पान फाडून अर्ज लिहिला, वर पुस्तक उघडं ठेवलं आणि मॅनेजरांना बाहेर बोलावलं. ते घाम पुसत उभ्या उभ्या वाचत राहिले.

"हे असं आहे?" म्हणाले.

"मार्कांसाठी सांगत नाही, सर."

त्यांनी तिथूनच मुख्य कार्यालयाला फोन लावला. तासाभरात आदेश मागे घेतल्याचं पत्र आलं, सेवेत खंड नाही असं स्पष्ट लिहिलेलं. मला रडूच फुटलं, आणि त्या रक्षकासमोर रडू फुटलं म्हणून रागही आला.

ते पत्र घेऊन अण्णाच आले होते. पुन्हा वही पुढे केली, सही घेतली. मग म्हणाले, "बरं झालं, अक्का. गेल्या वर्षी पॅकिंगमधल्या त्या बाईंना पण मीच पत्र दिलेलं. त्या पण याच खुर्चीत बसलेल्या, संध्याकाळपर्यंत. तेव्हा तुम्हीच आतून निरोप पाठवलात ना, गेटवर बसू नका म्हणून."

मी तडक वर जाऊन त्या बाईंची फाईल काढली. आरोपपत्र नाही, खुलासा नाही, चौकशी नाही. एकच कागद, बडतर्फीचा, माझ्या टायपिंगमधला, एकही चूक नसलेला.

फाईलवरच्या नंबरला फोन लावला. मागे शिलाई मशीन चालू होतं. मी कन्नडमधून सांगितलं की ते पत्र घेऊन उद्या या, तसं काढता येत नाही, आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं होतं. मशीन थांबलं.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत, अक्का?"

"तेव्हा मला कायदा येत नव्हता हो."

"मग पत्र कसं लिहिलंत?"