भिंतीवरचा ठिपका

नवी बंदूक खांद्याला नीट बसेना. हवेत उडवलेली मातीची तबकडी माझ्या डोळ्यांदेखत अख्खीच्या अख्खी गवतात जाऊन पडायची. नेमबाजी शिकवणारे मास्तर म्हणाले, "काका, ही तुमची जुनी नव्हे. घरी रोज रिकामीच खांद्याला लावत जा. भिंतीवरचा एखादा ठिपका धरा."

आठ दिवस धरला. आज पहिलीच तबकडी फुटली.

"जमलं की हो काका. ठिपका कुठला धरलात?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. तो ठिपका म्हणजे बायकोच्या फोटोतलं कुंकू. तिला जाऊन चार महिने झाले. मी जुनी बंदूक पुसायला घेतली की ती म्हणायची, "रिकामी असली तरी नळी माझ्याकडं करू नका." चाळीस वर्षं मी नळी तिच्याकडं केली नाही.

हाताला सवय लागताना समोर कोण आहे हे माणूस बघत नाही. मी तरी बघितलं नाही.

घरी येऊन बंदूक पेटीत ठेवली आणि फोटोसमोर उभा राहिलो. आठ दिवस नुसतं तिच्या कपाळाकडं बघत होतो. आज डोळ्यांकडं बघायचं होतं. ते झालं नाही.