पिशव्यांपाशी बसणारा

आमच्याकडे कुठेही सहलीला गेलं की एक माणूस पिशव्यांपाशी बसतो. बाकीचे कडा, बुरूज, धबधबा पाहून येतात आणि तो झाडाखाली डबे, बाटल्या व चपला राखतो. तरुणपणापासून हे काम मी आपण होऊन घेत आलो. "यांचा स्वभावच तसा, आधी दुसऱ्यांना पुढे करतात," असं पत्नी चारचौघांत सांगायची आणि मी ते कौतुक खाली मान घालून स्वीकारायचो. मला उंचीची भीती वाटते, एवढं साधं वाक्य मी तिच्याजवळही कधी उच्चारलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न ठरलं. मुलगा जर्मन, तिच्या ऑफिसातला. आम्ही म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला राहतो. त्याची आई उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या गावाहून आम्हाला प्रथमच भेटायला आली. जर्मनीतल्या सर्वांत उंच शिखरावर, ज्या कठड्यापाशी त्याने मुलीला मागणी घातली होती, तिथे दोन्ही घरांनी एकदा मिळून उभं राहावं, अशी मुलांची इच्छा होती. मी तत्काळ होकार दिला. प्रसंग आलाच तर पिशव्या आहेत, हा आधार माझ्या मनात आधीच तयार होता.

रोपवेच्या खालच्या स्टेशनावर उभं राहून मी वर पाहिलं. तळ्याकाठच्या झाडांवरून निघालेली तार उभ्या खडकाकडे जात जात ढगात शिरत होती, आणि तिच्यावरून काचेची केबिन निमूटपणे सरकत होती. मी पिशवी पायापाशी उतरवून ठेवली.

"तुम्ही सगळे या जाऊन," मी म्हणालो. "मी इथे पिशव्यांपाशी बसतो."

"बाबा, इथे लॉकर्स आहेत," मुलगी जर्मनमध्ये म्हणाली. ती रागावली की तिचं मराठी आधी जातं.

"अहो, आजच्या दिवशी तरी!" पत्नी म्हणाली. "त्या पिशवीत आहे काय? चिवडा आणि विहीणबाईंना द्यायची शाल. कोण नेतंय?"

"असू दे," सर्वांना कळावं म्हणून मी जर्मनमध्ये म्हणालो. "मला इथेच बरं वाटतं."

आमच्या माणसांत हे वाक्य सहज खपून जातं. पण विहीणबाई जर्मन होत्या. त्यांनी ते जसंच्या तसं ऐकलं. जावयाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळताना मला दिसलं. त्याने मुलीचा हात सोडला नाही, पण मान वळवून तळ्याकडे पाहू लागला. विहीणबाई माझ्याजवळ आल्या आणि आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "माझ्या मुलामुळे का? तसं असेल तर सांगा. वर जाऊन खोटा फोटो काढण्यापेक्षा ते बरं."

मी गप्प राहिलो असतो, तर ते उत्तरच ठरलं असतं. इतकी वर्षं माझ्या सौजन्याची किंमत इतरांनी किती वेळा मोजली असेल, असा विचार त्या क्षणी मनात आला. मी मुलीकडे पाहिलं. तिने वाद घालणं सोडून दिलं होतं, आणि तेच मला सहन झालं नाही.

"नाही हो," मी जर्मनमध्येच म्हणालो. "मुलगा फार चांगला आहे. मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून."

पत्नी माझ्याकडे पाहतच राहिली. "म्हणजे सिंहगडावर? महाबळेश्वरला? आणि आपण नवीन लग्न होऊन माथेरानला गेलो तेव्हा?"

"तेव्हाही."

"आणि मी जगभर सांगत फिरले, की हा माणूस म्हणजे देवमाणूस!"

विहीणबाई मोठ्याने हसल्या. "गेनाऊ! अगदी माझ्यासारखंच! मला वाटलं, तुम्हाला पाहुणीला डोंगर दाखवायचाच असेल, म्हणून मी मुलांना हो म्हणाले. आमच्या गावात सर्वांत उंच म्हणजे समुद्राचा बांध. त्यावर मेंढ्या चढतात. मलाही उंचावर भीती वाटते." मग त्यांनी माझी बाही धरली. "मधोमध उभे राहू. काचेपाशी फोटो काढणाऱ्यांना जाऊ दे. आपण बुटांकडे पाहायचं."

पिशव्या मुलांनी उचलल्या आणि आम्ही दोघं बुटांकडे पाहत वर गेलो. खांबावरून जाताना केबिन झुलली. सगळ्या गर्दीतून एकच आवाज उठला. विहीणबाईंची बोटं माझ्या दंडात रुतली आणि माझ्या तोंडून 'अगं आई' निघालं. मुलगी आमच्या पुढ्यात, काचेकडे पाठ करून उभी होती. "बाबा, तुझ्या लेसेस सुटल्यात," ती म्हणाली. मराठीत.

वर विलक्षण ऊन होतं. डोंगरांमागे डोंगर, त्यांच्या खोबणींत उरलेला बर्फ, आणि इतकं आकाश, की मी पहिली काही मिनिटं भिंतीला टेकूनच काढली. पत्नीने शाल काढून विहीणबाईंच्या खांद्यांवर घातली. ती खरं तर घरी, पाटावर बसवून द्यायची होती, पण वारा थांबायला तयार नव्हता. चिवड्याचं पाकीट उंचीवरच्या विरळ हवेने फुगून उशीसारखं झालं होतं. पिशव्या भिंतीपाशी ठेवून, जावयाच्या एका हाताला मी आणि दुसऱ्या हाताला त्याची आई, असे आम्ही एकेक पाऊल टाकत कठड्यापाशी पोहोचलो. मी दोन्ही हातांनी लोखंड धरलं. ते गार होतं आणि हलत नव्हतं.

फोटो निघत असतानाच मागे फट्ट असा आवाज झाला. पिवळ्या चोचीच्या एका काळ्या पक्ष्याने पाकीट फोडलं होतं, आणि त्याचे सोबती शेंगदाणे वेचायला उतरत होते.

"अहो, पिशव्या!" पत्नी सवयीने ओरडली.

"आज नाही," मी म्हणालो. कठडा सोडण्याची माझी हिंमत नव्हती, हेही मी त्यांना सांगून टाकलं.