पंचशीलाची दहा बोटं

पंचशीला सोनकांबळे पहिल्यांदा माझ्या नजरेत भरली ती झेंडावंदनाच्या रांगेत. १९८२ साल होतं. उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा त्याच दिवसांत होत होता, आणि देवणीजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत गुरुजी म्हणून मला त्यावर चार वाक्यं बोलायची होती. मी बोलत होतो आणि तिसरीच्या रांगेतली एक मुलगी काही जागेवर राहत नव्हती. आधी ती पहिलीतल्या एका पोराच्या पायाखालचा खडा काढायला गेली. मग आवारात शिरलेलं वासरू हाकलून आली. सरपंच बोलायला उभे राहिले तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन तिचा हात धरला. भाषण संपेपर्यंत तो हात माझ्या मुठीत काहीतरी करत होता. सुटायची धडपड नव्हती ती. त्या हाताला रिकामं राहणं माहीत नव्हतं.

चौथीनंतर ती पुढच्या शाळेत गेली, मग नांदेडला नर्सिंग शिकली. लग्न झालं. तीन वर्षांत नवरा अपघातात गेला, मूलबाळ नव्हतं. आईला, चांगुणाबाईंना, तिनं गावाहून लातूरला आणलं आणि आमच्याच गल्लीत दोन खोल्या घेऊन दिल्या. मी निवृत्त होऊन लातूरला राहायला आलो तेव्हा ती कुवेतला होती. सहा वर्षं तिथल्या एका दवाखान्यात तिनं काम केलं. चांगुणाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तशी परत आली आणि नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या एका खाजगी दवाखान्यात लागली. पंधरा दिवसांनी लातूरला यायची. आमच्याकडे बसली की बोलता बोलता शेंगा सोलून द्यायची. शेंगा नसल्या तर वर्तमानपत्रांची चळत नीट लावून ठेवायची. तिनं चहा गरम असताना प्यायलेला मी कधी पाहिला नाही. कप ठेवून ती दुसऱ्याच कामाला लागलेली असायची.

२०१६च्या एप्रिलमध्ये, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात, ती दोन्ही हातांत पाण्याचा एकेक कॅन घेऊन आमच्या दारात उभी राहिली. नांदेडलाही पाणी रोज नव्हतं, पण येत तरी होतं. त्या दिवसांत पाहुणे फळं आणत नसत, पाणी आणत.

“गुरुजी, उद्या माझ्यासंगं पोलीस कचेरीत येता का? तुम्ही असले म्हणजे बसायला खुर्ची तरी देतेत.”

तेव्हा मला सगळं कळलं. आयर्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात तिला नोकरी मिळाली होती. इंग्रजीच्या परीक्षेला ती तीनदा बसली होती आणि बेचाळिसाव्या वर्षी पास झाली होती. जूनअखेरपर्यंत जागा राखून ठेवू, पुढे नाही, असं वृद्धाश्रमानं कळवलं होतं. व्हिसाच्या अर्जाला एकच कागद कमी पडत होता. सहा वर्षं कुवेतला राहिलेल्या बाईवर तिथं कसलाही गुन्हा नाही, असं तिथल्या पोलिसांचं पत्र. ते मिळवायचं तर तिच्या दहा बोटांचे ठसे इथल्या पोलिसांसमोर घेऊन तिकडे पाठवायला हवे होते. ठसे एकदा नांदेडला दिलेही होते. सहा आठवड्यांनी तो कागद परत आला. ठसे फिसकटलेले, वाचता येत नाहीत.

“आता हा दुसरा फॉर्म,” तिनं प्लास्टिकच्या पाकिटातला कागद दाखवला. “दानम्मानं तिकडून शिक्का मारून पाठवलाय. एकच हाय. रमजान लागला की ती बिदरला सुट्टीवर येणार. त्याच्या आत पोचला तर पोचला. न्हाईतर तिथं माझं कोण हाय जमा करायला?”

दानम्मा म्हणजे कुवेतला तिच्या खोलीत राहणारी बिदरकडची नर्स. रमजान जूनच्या पहिल्या आठवड्यात लागणार होता. मी बोटांवर दिवस मोजले. तिनं ते आधीच मोजलेले होते.

दुसऱ्या दिवशी रिक्षात ती सारखी पाकीट उघडून फॉर्म आहे का ते बघत होती. मधेच म्हणाली, “गुरुजी, तिथं माझ्या नावावर काही असंल का?”

“काय असेल?”

“एकदा बसमध्ये तिकीट काढायचं राहून गेलतं. उतरल्यावर ध्यानात आलं. आन एका पेशंटच्या मुलाला मी मोठ्यानं बोलले होते.”

“काय बोललीस?”

“म्हातारीला वेळेवर जेवू घाल म्हणाले. त्याला मराठी कुठं कळतंय. पण आवाज तर कळतो ना.”

ठसे घेणारे व्यंकटराव हे निवृत्तीला दोन वर्षं उरलेले हवालदार. टेबलावर काचेची पट्टी, त्यावर काळी शाई, ती पसरायला एक छोटा रूळ, आणि कोपऱ्यात रॉकेलमध्ये भिजवलेला कापूस. त्यांनी फॉर्म डोळ्यांजवळ धरून वाचला.

“जन्मस्थळ, जिल्हा उस्मानाबाद. आन पत्ता लातूर?”

“पासपोर्टवर तसंच हाय, साहेब. गाव तेच, जिल्हा बदलला.”

“माझंही तेच. जागचा हललो न्हाई आन दुसऱ्या जिल्ह्याचा झालो,” व्यंकटराव म्हणाले आणि तिचा उजवा हात हातात घेतला. “सिस्टर, आधी कोऱ्या कागदावर बघू. हात ढिला सोडा. तुम्ही काहीच करायचं न्हाई. मी बोट फिरवीन.”

त्यांनी अंगठा शाईवर ठेवला, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला आणि कागदावर उमटवायला नेला. कागदाला टेकायच्या आतच अंगठा आपणहून फिरला. डाग पडला.

“सिस्टर, मला मदत करू नका.”

“मी कुठं करायले?”

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. व्यंकटराव म्हणाले, तिकडं बघा. तिनं खिडकीबाहेर बघितलं, पण हात इकडेच लक्ष ठेवून होता. व्यंकटरावांनी बोट वळवायच्या आधी ते वळायचं, दाबायच्या आधी दाबलं जायचं. मी तिचा डावा हात धरून पाहिला. त्यानं एवढंच झालं की दोन्ही हात ताठ झाले.

कोऱ्या कागदांची थप्पी संपली तेव्हा व्यंकटरावांनी रूळ खाली ठेवला. “पस्तीस वर्षांत लई बोटं धरली. हात सोडवून घेणारे भेटले, थरथरणारे भेटले. मदत करणारं माणूस पहिलंच.” मग त्यांनी भिंग घेऊन तिची बोटं पाहिली. वीस वर्षं साबणानं आणि स्पिरिटनं धुतलेली ती बोटं होती. रेघा पुसट झाल्या होत्या. “दोन दिवस हाताला काम नको. भांडी न्हाई, घागरी न्हाई, स्पिरिट तर न्हाईच. खोबरेल लावा आन परवा या. फॉर्मला मी आज हात लावत न्हाई. तो एकदाच खराब होतो.”

ते दोन दिवस मला चांगले आठवतात. तिनं नांदेडला कळवून रजा वाढवून घेतली आणि खोबरेल लावलेले हात मांडीवर उताणे ठेवून आईच्या ओट्यावर बसून राहिली. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. मी सकाळी गेलो तर ती पायानं चप्पल सरळ करत होती.

चांगुणाबाई काठी टेकत टेकत घागर सरकवत होत्या. “बघा गुर्जी, राणीसरकार बसल्या. म्हातारी पाणी काढती आन लेक हाताला तेल लावती.”

“आई, दोन दिवसाचं हाय.”

“दोन दिवसाचं म्हणून कुवेतला गेली आन सा वर्षांनी आली. पायाला भिंगरी बांधूनच जन्मली ही.”

“तू पडली म्हणून आले ना परत?”

“मग आता पुन्यांदा पडू का?”

पंचशीलाचे हात उचलले गेले होते. ते तिनं परत मांडीवर ठेवले. थोड्या वेळानं मला हळूच म्हणाली, “इथं तिच्या औषधाला आन घरभाड्याला माझा पगार पुरत न्हाई, गुरुजी. तिला ठाऊक हाय. पण बोलणार न्हाई.” मग ती उठून ओट्यावर फेऱ्या मारू लागली.

तिसऱ्या दिवशी आम्ही दहा वाजताच व्यंकटरावांसमोर बसलो. रेघा खरंच जरा वर आल्या होत्या. हात मात्र तोच होता. दहाही बोटांना शाई लागली, सात-आठ कागद गेले. व्यंकटरावांचा चेहरा पाहून मला कळलं की ते आज नाही म्हणणार. फॉर्म त्यांनी टेबलावर काढून ठेवला होता, पण पाकिटाबाहेर नव्हता काढला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिच्या बोटांना शाई, म्हणून फोन मी काढला आणि तिच्या कानाशी धरला. चांगुणाबाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“टँकर आला. आजच आला. लवकर ये.”

आमच्या गल्लीत टँकर आठ दिवसांनी यायचा. शनिवारी येणार होता. त्या दिवशी गुरुवार होता. नळी ड्रममध्ये पडेपर्यंत ड्रम धरून उभं राहावं लागे, नाहीतर रांगेतला पुढचा माणूस नळी ओढून न्यायचा. चांगुणाबाईंना काठीशिवाय उभं राहता येत नव्हतं.

पंचशीला खुर्चीवरून उठली. मी म्हणालो, “मी जातो, तू थांब.”

“तुम्ही पोचेपर्यंत टँकर जाईल, गुरुजी. आई, ड्रम बाहेर काढलाय का? निळा आधी लाव. मी आलेच, मी...”

“सिस्टर,” व्यंकटराव म्हणाले, “हे हात घेऊन रिक्षात बसता? परवापासून मी रजेवर हाय. लेकीचं लग्न.”

ती तशीच उभी राहिली. तिनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. त्या हातांनी ना रिक्षा थांबवता येत होती, ना ड्रम धरता येत होता; स्वतःचा फोनसुद्धा धरता येत नव्हता. फोनमधून नळीचा आणि भांडणाचा आवाज येत होता.

“आई,” ती म्हणाली, “राहू दे. बसम्माला सांग, तिचं भरून झाल्यावर जमलं तर एक घागर टाक म्हणावं. न्हाई जमलं तर न्हाई. मला येता येत न्हाई.”

ती खाली बसली आणि तिचा उजवा हात टेबलावर पडला. ठेवला नाही, पडला. मी त्या हाताला चौतीस वर्षं ओळखत होतो. असा कधी पाहिला नव्हता. व्यंकटरावांनी मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. त्यांनी पाकिटातून फॉर्म काढला, कोरा कागद घेतलाच नाही. अंगठा, मग एकेक बोट. नखाच्या कडेपासून कडेपर्यंत. उजवा हात झाला, टेबलाला वळसा घालून ते डाव्या बाजूला आले. ती भिंतीकडे पाहत होती. मी फोन तिच्या कानाशी तसाच धरून होतो. तो केव्हाच बंद झाला होता.

“झालं,” व्यंकटराव म्हणाले आणि भिंगातून दहाही चौकोन पाहून शिक्का मारला.

तिनं फॉर्मकडे पाहिलं. “झालं? कधी?”

रॉकेलनं शाई अर्धीच निघाली. धुवायला कचेरीत पाणी नव्हतं. व्यंकटरावांनी आपल्या बाटलीतलं दोन घोट पाणी तिच्या हातावर घातलं, तेवढंच. गल्लीत पोचलो तेव्हा टँकर जाऊन तास झाला होता. शेजारची बसम्मा दारात उभी होती. “काय गं, धाच्या धा बोटांनी मत देऊन आली का?” ती म्हणाली. निळ्या ड्रमच्या तळाला वीतभर पाणी होतं. तिनंच दोन घागरी ओतल्या होत्या. चांगुणाबाई त्या दिवशी लेकीशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी पाहिलं, रॉकेलचा बोळा घेऊन त्या तिची नखं पुसत होत्या, आणि पंचशीला हात मागे ओढून म्हणत होती, “मी करते ना, आई.”

फॉर्म त्याच दिवशी कुरिअरनं गेला. त्यानंतरच्या चाळीस-पन्नास दिवसांत तिनं मला किती फोन केले त्याला गणती नाही. पोचला का, जमा झाला का, दानम्मा उचलत कशी नाही. बसच्या तिकिटाची गोष्ट मी पुन्हा तीनदा ऐकली. जूनच्या दोन तारखेला दानम्मानं पत्राचा फोटो पाठवला. अरबीत काय लिहिलंय ते आम्हा कुणालाच वाचता येईना. खाली इंग्रजीत एकच ओळ होती. सदर व्यक्तीवर कोणताही गुन्हा नोंद नाही. चांगुणाबाईंनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

“एवढ्यासाठी माझं पाणी घालवलं,” त्या म्हणाल्या आणि फोटो बसम्माला दाखवायला फोन घेऊन बाहेर गेल्या.

पंचशीला आता आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात राहते. चांगुणाबाईंसोबत बसम्माची विधवा बहीण राहायला आली आहे. तिचा खर्च पंचशीला पाठवते. दर डिसेंबरात ती तीन आठवडे येते आणि आमच्या घरातल्या शेंगा सोलून जाते. वृद्धाश्रमात तिच्याकडे अकरा म्हाताऱ्या आहेत. मंगळवारी तिला सुट्टी असते; त्या दिवशी ती हातांचं काय करते, ते मी अजून विचारलेलं नाही.