पट्टीवरचं नाव

माझ्याकडे पंचवीस टेप आहेत आणि पंचवीसच्या पंचवीस वाजतात. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण मला ते सांगायला फार आवडतं. एका स्पीकरचे, दोन स्पीकरचे, दोन कॅसेटी एकदम बसणारे, हँडल धरून गावभर मिरवायचे. ईट गावात माझं पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंगचं दुकान आहे. जळकी मोटार जो उठवतो, त्याला टेपचा बेल्ट बदलणं म्हणजे हातचा मळ.

पण माझा खरा तोरा निराळाच आहे. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव टाकून घेतात, कुणाकडून कुणाला. एके काळी लग्नात टेपही द्यायचे, आणि देणारा तो आधी भांड्यांच्या दुकानात घेऊन जायचा. तिथला माणूस ताटावर टाकावं तसं कॅसेटच्या खणावरच्या पत्र्याच्या पट्टीवर टिंबाटिंबांनी नाव टाकून द्यायचा. माझ्याकडच्या बहुतेक टेपांवर अशी नावं आहेत. पुण्याहून आलेला एक हौशी माणूस ती पाहून हळहळला, चांगला माल लोकांनी नासवला म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आता कबूल करायला हवं की सुरुवातीला मीही असाच दीडशहाणा होतो. पॉलिश पेपर घेऊन चार-पाच टेपांवरची नावं घासली होती. ते टेप मी मागच्या रांगेत ठेवले होते, लाज वाटायची म्हणून.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी सोनारीकडची एक बाई मुलाच्या मोटारसायकलवरून दुकानासमोर उतरली आणि काय शोधत आली ते सांगायला लागली, तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

तिचे वडील मेंढरं राखायचे. दोन एडके विकून त्यांनी लेकीच्या लग्नात टेप दिला होता. नाव टाकताना दुकानदारानं रिवाजाप्रमाणे जावयाचं नाव विचारलं. वडील अडून बसले, आधी लेकीचं टाक म्हणाले. म्हणून पट्टीवर पहिल्या ओळीत तिचं नाव, दुसऱ्या ओळीत वडिलांचं आणि सगळ्यात खाली जावयाचं. सासरी हे कुणाला रुचलं नाही. सासऱ्यांनी टेपवर एक विणलेला रुमाल टाकला, तो कधी निघालाच नाही. पुढे वाटणीत टेप दिराकडे गेला आणि त्यानं तो परंड्याच्या बाजारात विकून टाकला. वडील आता राहिले नव्हते. ईटमधला एक माणूस जुने टेप सांभाळतो असं तिच्या कानावर आलं होतं. तिला टेप परत नको होता, ते नाव फक्त एकदा बघायचं होतं.

परंड्याच्या बाजारातून मी एकच टेप आणला होता, आणि तो मागच्या रांगेत होता.

टेबलावर ठेवताना मी पट्टीकडे बघितलंच नाही. आपण काय काय घासलं होतं तेही आठवेना. मुलगा वाकून बघायला लागला. आईला वाचता येत नव्हतं. तिनं हळूच विचारलं, "माझं हाय का?"

मुलगा घुटमळला. आईचं नाव त्यानं जन्मात कधी तोंडानं घेतलं नसावं. मग त्यानं ते वाचलं. पाठोपाठ आजोबांचं वाचलं. तिसऱ्या ओळीच्या जागी नुसता चकचकीत पत्रा होता. मी खालून घासायला सुरुवात केली होती आणि टिंबं खोल निघाली म्हणून कंटाळून सोडून दिलं होतं. माझ्या आळसावर मी इतका खूश आयुष्यात कधी झालो नव्हतो.

तरी मी माफी मागितली. तुमच्या मालकांचं नाव माझ्याच हातानं गेलं, असं सरळ सांगितलं. ती हसायला लागली.

"त्यांचं घरातल्या समद्या भांड्यांवर हाय," ती म्हणाली. "माझं एवढ्या एकाच जागी हाय."

मुलाला तिनं पुन्हा वाचायला लावलं. ह्या खेपेला तो अडखळला नाही.

टेप मी कुणाला देत नाही. पैसे घेऊन आलेल्यांनाही हात हलवत परत पाठवलंय. पण त्या दिवशी मीच म्हणालो, हा तुमचा आहे, घेऊन जा. दोनदा नको म्हणून झाल्यावर तिनं तो घेतला. मी नवा बेल्ट टाकून वाजवून दाखवला, कारण माझ्या दुकानातून न वाजणारी वस्तू बाहेर जात नाही.

निघताना मुलगा म्हणाला, पोत्यात गुंडाळून घेऊ, रस्त्यानं धूळ बसेल. तिनं ऐकलं नाही. गाडीवर एका अंगाला बसून तिनं टेप मांडीवर उभा धरला, नावाची बाजू लोकांकडं करून, आणि भर बाजारातून तशीच गेली.